डावा कान

क्लुत्सेचा डावा कान गेला त्याला सदतीस वर्षं झाली होती, आणि अवुकोपे गावात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको सेनामे, आणि तिसरा अगोसु, ज्याच्या बंदुकीने तो कान नेला.

तेव्हा दोघंही एकोणीस वर्षांचे होते. जुने तोग्बुई गादीवर बसले त्या दिवशी गावच्या तरुणांनी ठासणीच्या बंदुका बाहेर काढल्या होत्या. गावाला नवा राजा मिळाला म्हणजे खाडीपलीकडच्या गावांच्या खिडक्या हादरल्या पाहिजेत, अशी रीत. अगोसुने बार जरा जास्तच ठासला आणि मागे वळून कुणाशी तरी हसता हसता चाप ओढला. नळी क्लुत्सेच्या डोक्याशी होती. क्लुत्से मटकन खाली बसला. कानातून रक्ताचा बारीक ओघळ आला. अगोसुचं तोंड राखेसारखं झालं.

"सांगू नकोस रे कुणाला," तो म्हणाला. क्लुत्सेला ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. "बंदुकवाल्यांच्या जथ्यातून हाकलतील मला. बाप घरात घेणार नाही."

क्लुत्सेने सांगितलं नाही. कान दुखतोय म्हणून आईने विचारलं तर म्हणाला, खाडीत बुडी मारली, पाणी गेलं. आईने तेल घातलं. दुखणं थांबलं, आणि त्याबरोबर त्या बाजूचं सगळं जगच थांबलं.

पुढे लपवायची सवयच झाली. विणकामाच्या छपरात त्याने आपला माग असा मांडला की डावी बाजू भिंतीला लागावी. बैठकीत तो नेहमी डाव्या टोकाला बसे. आणि तसं बसता आलं नाही तर त्याच्या डाव्या हाताला अगोसु बसे. कुणी त्या बाजूने बोललं की अगोसुचं कोपर हळूच बरगडीला लागे. लोक म्हणत, ही दोघं काय एका नाळेची आहेत? दोघं हसत. या कानाची खबर त्या कानाला लागली नाही म्हणतात ना, तसंच झालं.

वर्षं गेली. क्लुत्से केटे कापड विणण्यात नावाजला. त्याच्या पट्ट्या शिवून केलेलं वस्त्र पांघरायला लोक दूरदूरहून येत. अगोसु बोलण्यात नावाजला आणि जुन्या तोग्बुईंचा त्सियामी झाला. तोग्बुईशी कुणी थेट बोलत नाही. जे काय असेल ते त्सियामीला सांगायचं, त्याने ते घोळवून, सजवून तोग्बुईंच्या कानी घालायचं, आणि त्यांचं उत्तर तसंच लोकांना द्यायचं. कोरीव मुठीची ती उंच काठी अगोसुच्या हातात शोभे.

मग जुने तोग्बुई गेले. रीतीप्रमाणे मरण उघड न करता बराच काळ ते "गावाला गेले" असंच सगळे म्हणत होते. मग रडणं झालं, ढोल झाले, सुतक फिटलं. गादी गावच्या दोन घराण्यांत फिरते, वरच्या घराण्यात आणि खालच्या घराण्यात. आता पाळी खालच्या घराण्याची होती, म्हणजे क्लुत्सेच्या घराण्याची.

गादी हवी असं जो म्हणतो त्याला ती मिळत नाही, हे तिथलं लहान मूलही जाणतं. माणसाने काही माहीत नसल्यासारखं राहायचं. मोठी माणसं आपसात ठरवतात आणि एक दिवस त्याला धरतात. क्लुत्सेही माहीत नसल्यासारखा राहिला. पण मनातून त्याला ती हवी होती, खोटं कशाला बोला. वीस वर्षं तो लोकांचे बांध, सोयरिकी, भाऊबंदकीची भांडणं मिटवत आला होता. आणि गादीचे राखणदार आमेव्होर आजोबा हल्ली त्याच्या छपराशी येऊन उगाचच बसू लागले होते, त्याचं बोलणं ऐकत.

एका दुपारी अगोसु माडीचं मडकं घेऊन आला. क्लुत्सेने धोटा बाजूला ठेवला.

"तुझंच नाव चाललंय," अगोसु म्हणाला.

"माहीत नाही मला काही."

"नाहीच माहीत तुला. हे घे, पी."

क्लुत्सेने घोट घेतला आणि मडकं परत त्याच्या हातात दिलं. "अगोसु, अंग धड हवं असा नियम आहे. बोट तुटलेला माणूस चालत नाही, तिथे कान कसा चालेल?"

"बोट दिसतं. कान दिसतो का? तुझा तर दिसायला माझ्यापेक्षा देखणा आहे."

"चेष्टा सोड."

"अरे, चेष्टा कसली? तोग्बुईशी थेट कोण बोलतं? वरून देव उतरला तरी आधी मला सांगणार, मग मी तुला सांगणार. सदतीस वर्षं तुझा डावा कान कोण आहे? आता काठी हातात घेऊन तेच काम करीन. पगारी."

क्लुत्से हसला. मग म्हणाला, "तरी मला वाटतं, आपणहून आजोबांना सांगून टाकावं. तुझं नाव नाही घेणार. कान गेलाय एवढंच सांगेन. मग त्यांना पटेल ते करतील."

"वेड लागलंय का तुला?" अगोसुने मडकं खाली ठेवलं. "हातातला मासा पाण्यात सोडतोस? गप्प बस. माझ्यावर सोड सगळं."

क्लुत्सेने त्याच्यावर सोडलं.

त्यानंतर चौदा-पंधरा दिवसांनी खालच्या घराण्याची बैठक बसली, कडुनिंबाखाली, सकाळीच. क्लुत्से गेला तर त्याची नेहमीची डाव्या टोकाची जागा कुणी तरी धरलेली. त्याला मधोमध बसवलं. अगोसु कुठे दिसेना. मग दिसला, तो पार समोर, वडीलधाऱ्यांच्या मागे उभा. क्लुत्सेने त्याच्याकडे पाहिलं. अगोसु झाडाच्या शेंड्याकडे पाहत होता.

उजवीकडे बसलेल्या चुलत्याने शॅलट कांद्याच्या वाफ्यांना पाणी कसं कमी पडतंय त्याचं पुराण काढलं. क्लुत्से मान हलवत ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या ध्यानात आलं की समोरची माणसं चुलत्याकडे बघत नाहीयेत. ती सगळी त्याच्याकडे बघताहेत. नाही, त्याच्याकडेही नाही, त्याच्या डाव्या खांद्यामागे. चुलताही बोलायचा थांबला. कुणी खोकेना, कुणी हलेना.

क्लुत्सेने मान वळवली. हातभर अंतरावर आमेव्होर आजोबा काठी टेकून उभे होते, आणि त्यांचे ओठ नुकतेच मिटत होते.

"हळू आवाजात तीनदा हाक मारली तुला, बाळा," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या नावानिशी."

 क्लुत्से उभा राहिला. खांद्यावरचं वस्त्र घसरलं ते सावरायचंही त्याला सुचलं नाही.

"कान गेला यात तुझा काय दोष," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "म्हाताऱ्या तोग्बुईंना तरी शेवटी कुठे ऐकू यायचं! तू येऊन सांगितलं असतंस तर बसून विचार केला असता, तोडगा काढला असता. पण तू लपवलंस. जो आपला कान लपवतो तो उद्या आमच्यापासून काय काय लपवील?"

क्लुत्सेने वस्त्र खांद्यावर ओढलं. तो घरी गेला.

सेनामे मक्याच्या पिठाचं आक्प्ले घोटत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि कालथा तसाच मडक्यात सोडला.

"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तुला, मला आणि त्याला माहीत होतं."

"मी नाही सांगितलं, डेलाचे बाबा."

"मी कुठे म्हणतोय तू सांगितलंस?"

दोन दिवसांनी एलिकेमला धरलं. हा क्लुत्सेच्या चुलतभावाचा मुलगा, चौतीस वर्षांचा, केटा शहरातल्या शाळेत गणित शिकवायचा. एका बारशाला म्हणून आला होता. पाहुण्यांत बसून भेंडीच्या कालवणात बोटं बुडवत होता, तोच सहा जणांनी त्याला मागून धरलं, अंगावर पांढऱ्या मातीची पूड उधळली आणि उचलून खांद्यावर घेतला. बायका ओरडल्या, ढोल सुरू झाले. काही जण धरल्यावर नुसतं रडल्याचं सोंग करतात. एलिकेम खरंच रडत होता. "माझ्या मुलांची परीक्षा आहे हो सोमवारी!" असं तो ओरडत होता आणि लोक हसून हसून बेजार झाले होते.

क्लुत्से आपल्या दारातून बघत होता. त्याला हसू आलं नाही आणि त्या पोराचा रागही आला नाही.

अगोसु त्याच दिवशी ऊन कलल्यावर आला. दारातच पायताण काढून उभा राहिला. नेहमी तो सरळ आत येई.

"ये," क्लुत्से म्हणाला.

"मला शपथ घातली," अगोसु उभ्या उभ्याच म्हणाला. "गादीच्या खोलीत नेलं. म्हणाले, या माणसात काही वैगुण्य ठाऊक आहे का, गादीवर हात ठेवून सांग. तुला माहीत आहे, तिथे खोटं बोलणारा पुढचं वर्ष बघत नाही. माझी लेकरं आहेत रे."

क्लुत्सेने त्याच्यासमोर चटई सरकवली. मग म्हणाला, "शपथच घातली म्हटल्यावर तू तरी काय करणार?"

"तू रागावला नाहीस?"

"लागलंय. रागावलो नाही."

अगोसुने त्याचे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसत निघून गेला. सेनामे आतून म्हणाली, "हा माणूस आज बसला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही." क्लुत्सेने तिला गप्प केलं.

नव्या तोग्बुईला आत बसवून रीतभात शिकवायचे ते आठ दिवस. सहाव्या दिवशी कोकुई आत्या आली. ही क्लुत्सेच्या बापाची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, गादीच्या खोलीची झाडलोट तिच्याकडे. जिभेला हाड नाही म्हणून सगळं गाव तिला वचकून असे. सुकटीची टोपली ओसरीवर आपटून ती म्हणाली, "काय रे, कान गेला तो गेला, अक्कलही त्याच वाटेने गेली का? त्या अगोसुचे हात हातात घेतलेस म्हणे!"

"आत्या, त्याला शपथ घातली होती."

"घातली ना. बैठकीच्या आदल्या दिवशी. सगळ्यांनाच घातली, मलासुद्धा. पण तो त्याच्या किती तरी आधी येऊन गेला होता. आपल्या पायांनी. मी अंगण झाडत होते. आमेव्होरला म्हणाला, गावाचं भलं व्हावं म्हणून काळजावर दगड ठेवून सांगतोय."

"कधी?"

"बैठकीआधी पंधरा दिवसांवर बाजार भरला होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

क्लुत्सेने मनात हिशेब केला. माडीचं मडकं घेऊन अगोसु आला तो त्याच बाजाराचा दिवस होता. म्हणजे रात्र फक्त मध्ये गेली होती. गप्प बस, माझ्यावर सोड, असं सांगून तो उठला होता आणि सकाळी तिकडे गेला होता.

"कान कसा गेला ते सांगितलं त्याने?"

"लहानपणी म्हणे फेफरं आलं होतं तुला, त्यात गेला. अजूनही येत असेल, सांगता येत नाही, म्हणाला." आत्याने डोळे बारीक केले. "आलं होतं का रे? आम्हाला कसं कळलं नाही?"

क्लुत्से उठला. आत्याला पाणी द्यायचंही त्याला भान राहिलं नाही. तो तडक अगोसुच्या घरी गेला. अगोसु अंगणात नव्या समारंभासाठी आपली काठी तेलाने पुसत बसला होता. क्लुत्सेचं तोंड बघून त्याने फडकं खाली ठेवलं.

"का?" क्लुत्सेने विचारलं. 

अगोसुने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सावकाश, जणू ही गोष्ट त्याने बऱ्याच दिवसांपासून तयार ठेवली होती अशा आवाजात तो बोलला. "तुला सगळं येतं, क्लुत्से. कुणाचा बांध कुठे, कुणाचा आजा कुणाला काय बोलला होता, सगळं. तुझ्या राज्यात मी नुसता कान झालो असतो. ते पोर गणिताचं मास्तर आहे. त्याला मी लागणार. त्याच्या राज्यात मी जीभ आहे."

"आणि फेफरं?"

"काही तरी सांगावं लागलं."

"बंदूक सांगायची होतीस."

अगोसुने पुन्हा फडकं उचललं. "सदतीस वर्षं जन्मठेप भोगल्यासारखा तुझ्या डाव्या बाजूला बसलोय मी," तो म्हणाला. "तू कधी विचारलंस मला, बसावंसं वाटतं का म्हणून?"

क्लुत्से वळला आणि घरी निघाला.  त्याने खरंच कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, मित्र बसतोय.

समारंभाच्या दिवशी सेनामे म्हणाली, "नका जाऊ. ताप आलाय म्हणून निरोप धाडते."

"आता आणखी एक दुखणं नको मला," क्लुत्से म्हणाला, आणि चांगलं वस्त्र नेसून निघाला.

मोठ्या छत्रीखाली एलिकेम बसला होता. अंगावर केटे, कपाळाला सोन्याची पट्टी, चेहरा भांबावलेला. शेजारी काठी घेऊन अगोसु. एकेका कुटुंबाचा कर्ता पुढे येई, पायताण काढी, खांदा उघडा करी आणि त्सियामीमार्फत निष्ठेचे शब्द बोले. क्लुत्सेची पाळी आली.  त्याने पायताण काढलं, वस्त्र कमरेपर्यंत उतरवलं.

"त्सियामी," तो म्हणाला, "तोग्बुईंच्या कानी घाल. मी क्लुत्से, माझ्या बापाच्या सगळ्या घराच्या वतीने निष्ठा वाहतो. तुम्ही बोलवाल तेव्हा दिवस-रात्र न बघता येईन. आणि हेही घाल, की मला फेफरं कधी आलं नाही. माझा कान जुन्या तोग्बुईंच्या समारंभात एका बंदुकीने गेला. ती कुणाची होती ते मी सदतीस वर्षं बोललो नाही. ज्याची होती त्यानेच मला कानाचं सांगू दिलं नाही, आणि मग स्वतः जाऊन ते विकलं. असा माणूस तुमच्या किती जवळ उभा आहे ते बघून घ्या."

 पण अगोसुची जीभ मुरलेली. तो छत्रीकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, "तोग्बुई, क्लुत्से म्हणतात, समुद्राला जशी भरती तशी तुमच्या राज्याला भरती येवो. त्यांचं सगळं घर तुमच्या पायाशी आहे. बोलवाल तेव्हा येतील."

गर्दीत कुजबुज उठली. "अरे मेल्या, हे कधी बोलला तो!" कोकुई आत्या मागून ओरडली. तिला कुणी तरी खाली बसवलं. क्लुत्से तसाच उभा होता. इतक्या माणसांसमोर, आपल्याच तोंडातून निघालेले शब्द कुणी हिसकावून घेतल्यासारखं त्याला वाटलं. सदतीस वर्षांत प्रथमच त्याला सगळ्यांदेखत रडू येऊ पाहत होतं.

तेव्हा एलिकेमने हात वर केला. आवाज वर्गात बोलल्यासारखाच निघाला. "त्सियामी, माझे कान तरुण आहेत. काका जे बोलले तेच सांगा."

अगोसु म्हणाला, "तोग्बुई, रीत अशी आहे की त्सियामी शब्दांना..."

"तेच सांगा. पहिल्यापासून."

अगोसुला सांगावं लागलं. बंदुकीपाशी त्याचा आवाज बसला, आमेव्होर आजोबा म्हणाले, "मोठ्याने." तो मोठ्याने बोलला. "असा माणूस तुमच्या किती जवळ उभा आहे" हे वाक्य त्याने काठी घट्ट धरून, मान खाली घालून, तोग्बुईंच्या अगदी शेजारी उभं राहून म्हटलं. कुणी हसलं नाही.

क्लुत्सेने वस्त्र खांद्यावर घेतलं आणि आपल्या लोकांत जाऊन बसला. आपल्याला बरं वाटेल अशी त्याची कल्पना होती. वाटलं नाही.

पुढे आमेव्होर आजोबांनी निवाडा केला. अगोसुला एक मेंढा आणि दारूच्या दोन बाटल्या दंड झाला, बंदुकीचा गुन्हा लपवला म्हणून. काठी मात्र त्याच्याकडेच राहिली. एलिकेम स्वतः क्लुत्सेकडे आला होता हे सांगायला, पहाटे, छत्रीशिवाय.

"काका, मला गावाच्या सीमा माहीत नाहीत. म्हणी येत नाहीत. कुणाला आधी अभिवादन करायचं तेही तोच कानात सांगतो. आत्ता त्याला काढलं तर मी उघडा पडेन."

"मग नका काढू."

"तुम्हाला राग येईल."

"येईल," क्लुत्से म्हणाला. "पण आठवड्यातून दोन सकाळी मोकळ्या ठेवा. सीमा मी दाखवतो."

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी, ऊन चढायच्या आत, दोघं बांधाबांधाने फिरू लागले. क्लुत्से त्याला दगड दाखवी, झाडं दाखवी, कुठल्या वाफ्यावरून कुणाचं डोकं फुटलं होतं ते सांगी. मास्तर असल्यामुळे एलिकेम वही आणी. वर्ष सरता सरता तो दरबारात अगोसुकडे न बघताच निवाडे करू लागला. अगोसु काठी धरून उभा असे आणि ऐकलेलंच पुन्हा बोले.

अगोसुची आई वारली तेव्हा क्लुत्से मयताला गेला, कारण लहानपणी तिच्या हातचं त्याने पुष्कळ खाल्लं होतं. त्याने तिच्या अंगावर घालायला आपल्या हातची पट्टी दिली, सेनामेबरोबर बसून राहिला आणि उठून आला. अगोसु दोनदा समोर आला. क्लुत्सेने चारचौघांत करायचं तेवढं अभिवादन केलं. घरची मंडळी बरी ना, बरी. पुढे काही नाही.

त्याच आठवड्यात सकाळी फिरताना एलिकेमने विचारलं, "काका, कधी तरी माफ कराल त्यांना?"

क्लुत्से चालता चालता थांबला. खाडीवर बायका मीठ गोळा करत होत्या. 

"तोग्बुई, शपथ तुमच्याशी घेतलीय, ती मी पाळतोय," तो म्हणाला. "माझ्या मित्राचं मला विचारू नका. तो कुठे गेला ते मलाच अजून कळलेलं नाही."

मग त्याने पुढचा बांध दाखवला, आणि एलिकेमने वही उघडली.